देवपुरात झाडांखालचं जुनं घर घ्यायचंय, आधी काय काय पाहावं?

सोनगीरकर_७

नमस्कार मंडळी. धुळ्यात देवपूर भागात आई-वडिलांसाठी बैठं घर बघतोय. दोन घरांवर गाडी अडली आहे. पहिलं दत्त मंदिर चौकाच्या आतल्या बाजूला, वाडीभोकर रोडकडे. चाळीसेक वर्षांचं लोड बेअरिंग (सगळा भार भिंतींवर, खांब नाहीत) बांधकाम, अंगणात कडुनिंब, मागे जांभूळ आणि कंपाऊंडला चिकटून एक भलामोठा गुलमोहर. दुसरं नकाणे रोडला पुढे, नव्या ले-आऊटमध्ये. घर दहा वर्षांचं, आरसीसी, झाड म्हणाल तर गेटजवळ एक पाम. किंमत जवळपास सारखीच सांगतात.

आईचा जीव पहिल्यात अडकलाय, सावली पाहून. वडील म्हणतात, जुनं घर म्हणजे दुखणं विकत घेणं. दलालाकडून "पॉश एरिया, शांत वस्ती" यापलीकडे काही निघत नाही. त्या सावलीचा खरा उपयोग किती, पाण्याचं काय, मुळांनी घराला धोका आहे का, गुलमोहर काढता येतो का आणि कागद कोणते तपासायचे, एवढं जाणकारांनी सांगावं.

पांझराकाठ

आधी देवपूरची झाडी कुठून आली ते समजून घ्या, म्हणजे ती किती टिकेल याचा अंदाज येईल.

१८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला खानदेशचं मुख्य ठाणं केलं आणि पांझरा नदीच्या दक्षिणेला व्यापाऱ्यांना बोलावून पेठ वसवली. तिथल्या गल्ल्या सरळ, नंबराच्या, भिंतीला भिंत लागलेली. झाड लावायला जागाच नाही. पांझरेच्या अलीकडे, एकवीरा देवीच्या आजूबाजूचं जुनं देवपूर तेही तसंच दाटीचं. झाडी आहे ती नंतरच्या कॉलन्यांत: आग्रा रोडच्या दोन्ही अंगांना, कॉलेजांच्या मागे, प्राध्यापक, शिक्षक, सरकारी नोकरांनी प्लॉट घेऊन बांधलेल्या बैठ्या घरांत. तेव्हाच्या प्लॉटला पुढे दहा-बारा फूट मार्जिन, म्हणजे मोकळी जागा, सुटायचं, रस्ता तीस फुटी असायचा आणि त्या मार्जिनमध्ये ज्याने त्याने निंब, आंबा, बदाम, अशोक लावला. म्हणजे ही झाडं कुणा एका योजनेची नाहीत, एकेका घरमालकाची आहेत. मालक बदलला, प्लॉटवर पार्किंगसह तीन मजले चढले, की मार्जिनमध्ये पेव्हर ब्लॉक बसतात आणि झाड जातं. त्यामुळे "देवपूर हिरवं आहे" या वाक्याला अर्थ नाही. गल्लीगणिक हिशोब वेगळा. तुमच्या घराच्या दोन्ही बाजूंचे आणि समोरचे मिळून पाच-सहा प्लॉट बघा. त्यांतले दोन बिल्डरला गेले असतील तर सावलीचं आयुष्य मोजून दहा वर्षं धरा.

सावली पाहायला सकाळी जाऊ नका. दलाल सकाळीच नेतो. एप्रिल-मे मध्ये दुपारी तीनला जा आणि घराच्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावा. धुळ्यात पारा ४३-४४ ला जातो तेव्हा घर तापतं ते पश्चिमेच्या भिंतीने आणि स्लॅबने. नऊ इंची विटेची भिंत दुपारी घेतलेली उष्णता सहा-सात तासांनी आत सोडते, म्हणून पश्चिमेची खोली रात्री दहा-अकराला भट्टी होते. पूर्वेच्या अंगणातला निंब कितीही डेरेदार असला तरी अकराच्या पुढे तो रस्त्याला सावली देतो, घराला नाही. पश्चिम आणि नैर्ऋत्येचं झाड खरं कामाचं. झाडाची सावली स्लॅबवर पोचत नसेल तर कळीचा चुना रात्रभर भिजवून, गाळून, मार्चअखेर दोन हात मारा. पहिल्या पावसाळ्यात निघून जातो, दरवर्षी मारावा लागतो, पण स्वस्त आणि चोख.

उलट बाजूही सांगतो. धुळ्याची थंडी तुम्हाला माहीत आहे, इथल्या कृषी महाविद्यालयात पाच-सहा अंशांची नोंद काही नवलाची नाही. निंब पान झाडतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन डिसेंबरात भरगच्च असतो. दक्षिणेला दाट झाड असेल तर ओट्यावर ऊन यायचं नाव नाही. म्हातारी माणसं मग समोरच्याच्या फाटकापाशी खुर्ची टाकून बसतात. दक्षिण मोकळी आहे का ते बघा.

टाकीभर

सावलीचं पांझराकाठ भाऊंनी सांगितलं. देवपुरात घर घ्यायचं तर आधी जमिनीखाली बघा, मग वर.

शहराला पाणी तापी योजना, नकाणे तलाव, डेडरगाव तलाव असं वेगवेगळ्या ठिकाणाहून येतं आणि कोणत्या जलकुंभावर तुमची गल्ली आहे, त्यावर किती दिवसांआड नळ येतील हे ठरतं. शेजाऱ्याला "पाणी कसं आहे?" विचारू नका, सगळे "चांगलं आहे" म्हणतात. विचारायचं ते असं: मागच्या मे महिन्यात किती दिवसांनी आले नळ, किती वाजता आणि किती मिनिटं टिकले? सकाळी दोन बायका भेटल्या की "नळ उनात का?" (अहिराणीत, नळ आले का) याच्यापासूनच बोलणं सुरू होतं त्या भागात, उत्तर नेमकं मिळेल.

साठवणीचा हिशोब आठ दिवसांचा धरा. माणशी १३५ लिटर म्हटलं तर दोन माणसांचे रोजचे २७०, आठ दिवसांचे २,१६०. मोठा कुलर तासाला आठ-दहा लिटर पितो, दिवसाला आठ तास चालला तर आठवड्याला आणखी पाच-सहाशे. वर पाहुणे. म्हणजे साडेतीन हजाराच्या खाली हौद नको. सहा बाय सहा बाय पाच फुटांचा हौद १८० घनफूट, म्हणजे साधारण ५,१०० लिटर. तो असेल तर काळजी नाही. जुन्या घरांत बहुतेक असतो, पण अंगणात, झाडाजवळ. हौद रिकामा करून आत टॉर्च मारा. कोपऱ्यातून केसासारखी मुळं लोंबत असतील तर हौद गळतोय आणि मुळं त्या ओलीला आली आहेत. पूर्ण भरून, व्हॉल्व्ह बंद करून, खडूने रेघ मारा आणि चोवीस तासांनी बघा. अर्धा इंच उतरला तरी दुरुस्ती आहे.

नळाला थेट मोटर लावलेली असेल तर ती काढा. बेकायदेशीर तर आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मोटर लाईनमध्ये ओढ निर्माण करते आणि जुना सांधा गटारीच्या बाजूने गेलेला असेल तर ते घाण पाणी आत खेचलं जातं. गल्लीत एकाने लावली की सगळे लावतात, मग कुणालाच धड मिळत नाही. जुना अर्ध्या इंची जीआय पाईप आतून गंजून पेन्सिलीएवढा उरतो, नळ बारीक येण्याचं अर्धं कारण तेच असतं.

बोअरवर विसंबू नका. खाली काळा पाषाण, आणि धुळे-नंदुरबार पट्टा तर डाईकसाठी प्रसिद्ध: पाषाणात उभ्या घुसलेल्या कठीण भिंती. भिंतीच्या एका अंगाला पाणी अडतं, दुसऱ्या अंगाला कोरडं. म्हणून शेजारच्या बोअरला तीन इंच पाणी आणि तुमच्या बोअरला धूळ, असं होऊ शकतं. पाणी लागलं तरी बहुधा जड असतं. कुलरच्या पॅडवर पांढरी खपली, गिझरच्या कॉईलवर थर, साबणाला फेस नाही. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरने मोजा. पिण्यासाठी ५०० पर्यंत ठीक, त्यापुढे बोअर झाडांना आणि संडासाला.

कुलरची एक गोष्ट: झाडाखालच्या खिडकीत लावला तर मोहोर-पान आत पडून पंप चोक होतो, वर जाळी हवी. समोरची खिडकी चार-सहा इंच उघडी ठेवा, नाहीतर खोलीत दमट होतं आणि लोक म्हणतात कुलर चालत नाही. आणि दर आठवड्याला पाणी पूर्ण काढून टाकी घासायची, डेंग्यूचे डास तिथेच होतात.

चुना_वीट_सिमेंट

मुळांची भीती लोकांना चुकीच्या जागी वाटते. मूळ पायाला ढकलून घर पाडतं असं क्वचित होतं. खरा खेळ काळ्या मातीचा आहे.

देवपुरात काही ठिकाणी तीन-चार फुटांवर मुरूम लागतो, काही ठिकाणी, विशेषतः सखल भागात, काळी माती खोल आहे. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. मोठं झाड उन्हाळ्यात पायाजवळची ओल शोषतं, त्या बाजूची माती जास्त आकसते, घर त्या अंगाला किंचित बसतं. मग खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्या-पायऱ्यांसारखी तिरकी भेग जाते. मे मध्ये रुंदावते, सप्टेंबरात मिटल्यासारखी वाटते. म्हणून घर पावसाळ्यानंतर बघून व्यवहार केला तर भेग दिसतच नाही, वरून ताजा रंग. नवा रंग एकाच खोलीला दिलेला असला की तिथे बोट फिरवा.

भेग मिलिमीटरभर असेल तर विसरा. तीनच्या पुढे असेल तर काचेची बारीक पट्टी भेगेवर आडवी धरून दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवून दोन महिने ठेवा. काच तडकली तर हालचाल चालू आहे. आणि याच कारणाने मोठं झाड एकदम तोडणं हा उपाय नाही. झाड गेलं की माती वर्षा-दोन वर्षांत ओल पकडते आणि फुगते, तेव्हा आत्तापर्यंत शांत असलेली भिंतही वर उचलली जाते. छाटणी करून फांद्यांचा भार कमी करणं बरं.

ड्रेनेज मात्र मुळांनीच मरतं. चाळीस वर्षांपूर्वीचे चिनी मातीचे पाईप, सांधे सिमेंटचे. सांधा जरा उघडला की आत ओल, आणि उंबर, पिंपळ, जांभूळ यांची मुळं आत शिरून दाढीसारखी वाढतात. खूण अशी: संडासाचं पाणी हळू उतरतं, चेंबर पावसात भरतं, महिन्या-दोन महिन्यांनी सळई मारावी लागते. पूर्ण लाईन ११० मिलिमीटर पीव्हीसीची करा, सांधे सोल्युशनने, उतार चाळीस फुटाला एक फूट. मुळं पीव्हीसीत शिरत नाहीत, शिरायला फट लागते. देवपुरात भुयारी गटारीसाठी रस्ते खोदले गेले होते. तुमच्या घराचा चेंबर त्या लाईनला खरंच जोडलेला आहे की अजून सेप्टिक टँकवरच आहे, हे मालकाच्या तोंडावर सोडू नका. बादलीभर पाण्यात थोडी हळद घालून ओता आणि रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण उघडून बघा.

गच्चीवर पेल्टोफोरम (पिवळ्या फुलांचा सोनमोहर) किंवा गुलमोहराची बारीक पानं पडत असतील तर पावसाळी पाईपच्या तोंडाला सपाट जाळी नको, ती एका सरीत बुजते आणि गच्चीचं तळं होतं. घुमटासारखी उंच जाळी बसवा आणि सात जूनच्या आत एकदा गच्ची झाडून घ्या. लोड बेअरिंग घरावर वर मजला चढवायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा.

ओट्यावरून

सगळे पुरुष मंडळी भिंती आणि पाईप सांगताहेत, राहणाऱ्याचा दिवस कुणी सांगत नाही.

दादा, आईंना विचारा त्या बिबडे (ज्वारीचे पापड), पापड, कुरडया घरी करतात का. करत असतील तर गच्चीवरच्या उन्हाचं गणित महत्त्वाचं आहे. बिबड्यांचा मोसम मार्च-एप्रिल, आणि निंबाला मोहोर येतो तोही त्याच दिवसांत. ओल्या कापडावर बिबडे थापले की वरून तो बारीक पांढरा मोहोर भुरभुरतो आणि चिकटून बसतो, वाळल्यावर निघत नाही, कडू लागतो. त्यावर उपाय एकच, जुनं सुती लुगडं चार काठ्यांवर दोन फूट उंच ताणायचं. ऊन गाळून येतं, म्हणून एका उन्हाऐवजी दोन उन्हं लागतात. गच्चीचा निम्मा भाग तरी उघडा असेल तर हा खटाटोप नाही.

वस्तीचं म्हणाल तर दुपारी एक ते चार चिटपाखरू नसतं, पण सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचनंतर क्लासेसच्या मुलामुलींच्या गाड्या सुरू होतात. आजूबाजूला कॉलेजं, म्हणून भाड्याच्या खोल्या, मेस, झेरॉक्स. एखाद्या गल्लीत क्लास असला तर फाटकासमोर गाड्यांची रांग लागते, तुमची गाडी बाहेर निघत नाही. ते शनिवार-रविवारी बघून कळणार नाही, बुधवारी सायंकाळी सहाला जा. चैत्र पौर्णिमेला एकवीरा देवीच्या यात्रेत नदीकडचा रस्ता काही दिवस विसरायचा. श्रावणात कानबाईच्या (खानदेशात घरोघरी बसवतात ती देवी) रविवारी रात्रभर गाणी आणि सोमवारी विसर्जन. ती झोपमोड नाही समजायची, जिचं घर तिथे ती जाणारच.

बाजार जवळ आहे का तेही बघा. रोजची भाजी दारावर हातगाडी येते, निंबाखालच्या गल्लीत तर ती जरा जास्तच वेळ थांबते, कारण भाजीवाल्यालाही सावली हवी असते. पण धान्य-किराणा, कापड, सोनं म्हणजे पूल ओलांडून पलीकडचा आग्रा रोड, पाचकंदील. पांझरेला पूर आला की सखल पूल बंद होतात आणि सगळी गर्दी मोठ्या पुलावर. नकाणे रोडच्या घरातून हे सगळं आणखी लांब पडेल, सत्तरीच्या माणसांना रिक्षाशिवाय नाही.

आणि पांझराकाठ दादा, "मोजून दहा वर्षं" हे जरा जास्तच. ज्या गल्लीत तीन घरी म्हातारी माणसं ओट्यावर बसतात, तिथे कुणी झाडाला हात लावायला आलं की आधी त्यांना उत्तर द्यावं लागतं.

पांझराकाठ

मान्य ताई. पण ती माणसं गेल्यावर वारस पुण्याला असतात, आणि प्लॉट जातो. दहाऐवजी पंधरा धरा.

फेरफार_नोंद

कागदांचं थोडक्यात. जुन्या कॉलनीतलं घर सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या जागेवर असेल तर जमीन संस्थेच्या नावावर आणि सभासदाकडे भाडेपट्टा, असं असू शकतं. तसं असेल तर संस्थेची ना-हरकत लागते, आणि अनेक संस्थांचे पदाधिकारी सापडत नाहीत. मिळकत पत्रिका, एनए (बिनशेती) आदेश, मंजूर ले-आऊटचा नकाशा आणि बांधकाम परवानगी, हे चारही हातात घेऊनच बोला. नकाशात ओपन स्पेस कुठे दाखवलाय ते बघा, ले-आऊटमध्ये साधारण दहा टक्के सोडावा लागतो. प्रत्यक्षात तिथे मंदिर आणि सभामंडप उभा असतो, आणि कुणाचं कंपाऊंड पुढे आलं असेल तर तो तुमच्या उजेड-वाऱ्याचा प्रश्न आहे.

दुसऱ्या घराला मात्र जास्त जपा. नकाणे, वलवाडी ही गावं २०१८ मध्ये महापालिका हद्दीत आली. त्याआधीची घरं पुष्कळदा नुसत्या ग्रामपंचायतीच्या कागदावर बांधलेली असतात, कर्जाला बँक तिथे अडते. वीस फुटी रस्ते, वेड्यावाकड्या आकाराचे प्लॉट, सात-बारावर दहा नावं दिसली की गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले प्लॉट, समजा. नियमित झाल्याचा आदेश मागा. त्या भागात झाडी का नाही याचं उत्तरही तिथेच आहे: मार्जिनच सुटलेलं नाही, झाड लावायचं कुठे?

गुलमोहराबद्दल. १९७५ चा झाडांचं संरक्षण व जतन अधिनियम शहरात लागू आहे. स्वतःच्या अंगणातलं, स्वतः लावलेलं झाडही महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावून सात वर्षं जगवावी लागतात. झाड कंपाऊंडच्या बाहेर, रस्त्यावर असेल तर ते पालिकेचं, तुमचा त्यावर हक्कच नाही. अर्जासोबत झाडाचे चार बाजूंनी फोटो, बुंध्याचा घेर छातीच्या उंचीला मोजून आणि कारण लिहा. "पानं पडतात" हे कारण चालत नाही. "बुंधा पोकळ, झुकाव घराकडे" हे चालतं.

सोनगीरकर_७

सगळ्यांचे आभार. काल पुन्हा जाऊन आलो. निंब नैर्ऋत्येला निघाला, म्हणजे कामाचा. दक्षिण मोकळी. हौद सहा बाय पाच बाय पाचचा, रेघ मारून आलोय. गुलमोहर कंपाऊंडच्या आत, भिंतीपासून चार फुटांवर, घेर साडेसहा फूट, मुळांनी फरशी उचलली आहे आणि तो पूर्वेला, रस्त्याकडे झुकलाय. बुंध्याशी दोन-तीन तपकिरी, कडक छत्र्या उगवलेल्या दिसल्या. त्याचं काय समजायचं?

चुना_वीट_सिमेंट

त्या कडक छत्र्या म्हणजे आत बुरशी शिरलीय आणि लाकूड कुजतंय. गुलमोहराची मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ, त्यात तो कुजला की मे अखेरच्या वळवाच्या वादळात पहिला तोच पडतो. लाकडी हातोडीने जमिनीपासून चार फुटांपर्यंत बुंध्याभोवती ठोकत जा. भरीव लाकूड "टक" वाजतं, पोकळ ढोलासारखं. पोकळपणा निम्म्या घेराहून जास्त असेल तर परवानगीचा अर्ज लगेच. झुकावाच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे घराकडच्या अंगाला, जमिनीत अर्धवर्तुळाकार भेग पडली असेल तर अर्जाबरोबर तातडीचं पत्र द्या आणि झुकावाच्या बाजूला, रस्त्याकडे, गाडी लावू नका.

भरीव निघाला तर ठेवा. रस्त्याकडच्या लांब फांद्यांचा भार परवानगी घेऊन कमी करा, एका वर्षी डेऱ्याच्या चौथाईहून जास्त नको. फांदी बुंध्याला लागून सपाट कापू नका, मुळाशी जो फुगीर कंगोरा असतो तो सोडून कापा, म्हणजे जखम भरते. आधी खालून एक तृतीयांश काप, मग वरून, नाहीतर फांदी साल ओढत खाली येते. जखमेवर सिमेंट किंवा डांबर फासणारे भेटतील, त्यांना पैसे देऊ नका. बुंध्याभोवतीची उचललेली फरशी काढून निदान एक मीटर माती उघडी ठेवा.

हौद तुमचा १५० घनफुटांचा, सव्वाचार हजार लिटर, दोघांना पुरतो. रेघ किती उतरली ते कळवा.

सोनगीरकर_७

रेघ जागेवर आहे. हातोडी घेऊन रविवारी जातो.

टाकीभर

हौद गळत नाही हे बरं झालं. जाताच आहात तर त्याच फेरीत झाकण बघा. लोखंडी पत्र्याचं असेल आणि कडा गंजली असेल तर गुलमोहराच्या शेंगा आणि पानं आत जातात, कुजून पाण्याला वास येतो. एफआरपीचं (फायबरचं), रबरी कडेचं बसवा आणि ओव्हरफ्लोच्या पाईपला मच्छरजाळी बांधा.